शीतगृहातील नेटवर्क कंट्रोलर : जोडणी, चाचणी आणि बिघाडाचा शोध

शेतमाल एकदा शीतगृहाच्या खोलीत रचला गेला आणि दार बंद झाले की त्याची खबर देणारी एकच गोष्ट उरते. ती म्हणजे कार्यालयातील पडद्यावर दिसणारा तापमानाचा आकडा. आग्रा व हुगळी परिसरातील बटाट्याची शीतगृहे, हिमाचल व काश्मीरमधील सफरचंदाची नियंत्रित वातावरणाची गोदामे, नाशिकमधील द्राक्षाची पूर्वशीतकरण केंद्रे, जळगाव व बुऱ्हाणपूर पट्ट्यातील केळी पिकवणी कक्ष या सर्व ठिकाणी हळूहळू एकच रचना रूढ होत आहे. प्रत्येक खोलीला स्वतंत्र कंट्रोलर, मशीनघरात आणखी काही कंट्रोलर आणि या सर्वांना दोन तारांच्या केबलने जोडून त्यांची माहिती संगणकापर्यंत नेणारे एक नेटवर्क कंट्रोल मॉड्यूल. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनासाठी विकसित झालेले हे तंत्र शेतमालाच्या साठवणुकीत आले. मात्र ते नीट जोडण्याचे व बिघडल्यास तपासण्याचे ज्ञान त्याच वेगाने आलेले नाही.

या विषयाचा थेट संबंध मालाच्या किमतीशी आहे. द्राक्षे उणे ०.५ ते ० अंश सेल्सिअसला ठेवली जातात. त्याहून दोन-तीन अंश खाली गेल्यास देठ व मणी गोठण्याचा धोका असतो. बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांत राहतो, तर चिप्ससाठी लागणारा बटाटा १० ते १२ अंशांत ठेवावा लागतो. तोच बटाटा २ ते ४ अंशांत राहिला तर त्यात साखर वाढते आणि तळल्यावर काप काळे पडतात. केळी १३ अंशांच्या खाली गेल्यास सालीला शीत इजा होते. म्हणजे आकड्यात दोन-तीन अंशांची चूक असली तरी अनेक शेतकऱ्यांचा माल एकाच वेळी बाधित होतो, आणि ती चूक दार उघडल्याशिवाय कळत नाही.

पडद्यावरचा आकडा कसा तयार होतो

पडद्यावरील आकडा म्हणजे खोलीचे तापमान नव्हे. तो त्या तापमानाचा निरोप असतो. सेन्सर तापमानाचे रूपांतर विद्युत रोधात करतो. खोलीचा कंट्रोलर त्या रोधाचा आकडा करतो आणि ठरावीक क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये ठेवतो. मॉड्यूल केबलवरून तो मागवते, त्याला योग्य त्या गुणकाने भागते आणि संगणकाला देते. या साखळीतील प्रत्येक कडी वेगळी चुकू शकते. म्हणून प्रत्येक कडीची तपासणीही वेगळी करावी लागते.

सुरुवात सेन्सरपासून करावी. शीतगृहात बहुधा पीटी-१०० प्रकारचा सेन्सर असतो. त्याचा रोध ० अंशाला १०० ओहम असतो आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. सेन्सर दोन तारांनी जोडल्यास तारेचा स्वतःचा रोधही त्यात मिळतो. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची जोडी १४ मीटर लांब असेल तर तिचा रोध जवळजवळ १ ओहम भरतो आणि आकडा सुमारे २.६ अंशांनी जास्त दिसतो. याचा अर्थ लक्षात घ्यावा. पडद्यावर उणे ०.५ दिसत असताना द्राक्षाच्या खोलीत प्रत्यक्षात उणे ३ अंश असते, आणि यंत्रणा आपले काम अचूक केल्याच्या समाधानात असते! तीन तारांची जोडणी केल्यास कंट्रोलर तारेचा रोध वजा करतो. त्यामुळे लांब अंतरावर तीच जोडणी असावी.

सेन्सर पडताळण्याचा उपाय साधा आहे. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा घेऊन त्यात थोडे स्वच्छ पाणी घालावे, ढवळून काही मिनिटे ठेवावे आणि सेन्सरची नळी त्यात बुडवावी. आकडा ० वर स्थिर झाला पाहिजे. हा आकडा सेन्सरपाशी नव्हे, तर कार्यालयातील पडद्यावर वाचावा, कारण त्यामुळे संपूर्ण साखळी एकाच वेळी तपासली जाते. हंगामापूर्वी प्रत्येक सेन्सरची ही चाचणी करण्यास अर्धा दिवस पुरतो. तरीही ती फार थोड्या ठिकाणी नियमित होते.

खोलीचे काम खोलीतच व्हावे

जोडणीपूर्वी एका गोष्टीचा निर्णय झाला पाहिजे : नेटवर्क बंद पडल्यास खोलीचे काय होईल? काही पुरवठादार खर्च वाचवण्यासाठी खोलीत केवळ सेन्सर व रिले बसवतात. कॉम्प्रेसर, पंखे व डीफ्रॉस्टचा निर्णय मध्यवर्ती मॉड्यूलमध्ये घेतात. कागदावर ही रचना आकर्षक दिसते. पण केबल एका ठिकाणी तुटली की सर्व खोल्या निराधार होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते शेतमालाच्या साठवणुकीत ही रचना स्वीकारूच नये.

प्रत्येक खोलीच्या कंट्रोलरमध्ये त्या खोलीचे अपेक्षित तापमान, पंख्यांचा क्रम, डीफ्रॉस्टच्या वेळा आणि कमाल-किमान मर्यादा साठवलेल्या असाव्यात. मॉड्यूलने माहिती गोळा करावी, नोंद ठेवावी, धोक्याचा इशारा द्यावा आणि अधिकृत व्यक्तीने सांगितल्यास अपेक्षित तापमान बदलावे. त्यापलीकडे त्याचे काम नसावे. केळी पिकवणी कक्षात हे अधिकच महत्त्वाचे आहे. तेथे इथिलीन वायू १०० पीपीएमच्या मर्यादेत सोडणे, तापमान १६ ते १८ अंश राखणे आणि कर्ब वायू १ टक्क्याच्या आत ठेवण्यासाठी ठरावीक वेळाने ताजी हवा घेणे ही तिन्ही कामे वेळेवर अवलंबून असतात. ताजी हवा आत घेणारा पंखा कार्यालयातील संगणकाच्या हुकमाची वाट पाहत बसला, तर पिकवणी असमान होते.

केबल आणि तिची शिस्त

बहुतेक शीतगृहांत कंट्रोलर परस्परांशी आरएस-४८५ या विद्युत मानकानुसार जोडलेले असतात. हे मानक १९८३ सालचे असून आजही टिकून आहे, कारण ते स्वस्त आहे आणि कमी वेगाला सुमारे १२०० मीटरपर्यंत काम करते. दोन तारांमधील व्होल्टेजच्या फरकावर संदेश अवलंबून असतो. दोन्ही तारांवर सारखाच आलेला विद्युत गोंगाट त्यामुळे आपोआप रद्द होतो. तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असणे म्हणूनच अनिवार्य ठरते. घरगुती वायरिंगची किंवा स्पीकरची सपाट तार वापरल्यास चाचणीच्या दिवशी सर्व काही चालते आणि कॉम्प्रेसर पूर्ण भाराने चालू लागले की संदेश गळू लागतात.

केबल माळेसारखी न्यावी : मॉड्यूलपासून पहिल्या कंट्रोलरला, तेथून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला. दिव्यांची वायरिंग करणाऱ्या वायरमनला एका जंक्शन बॉक्समधून चहूकडे फाटे काढण्याची सवय असते. दिव्यांसाठी ती योग्यच आहे, पण येथे प्रत्येक फाट्याच्या टोकावरून संदेशाचा प्रतिध्वनी परत येतो आणि मूळ संदेशात मिसळतो. हा प्रतिध्वनी टाळण्यासाठी माळेच्या दोन्ही टोकांना, आणि केवळ दोन्ही टोकांनाच, १२० ओहमचा रोधक जोडतात. अनेक कंट्रोलरमध्ये हा रोधक आत बसवलेला असतो व छोट्या स्विचने चालू-बंद होतो. कारखान्यातून येताना तो सर्वच नगांत चालू असेल तर लाइनवर सहा-सात रोधक एकत्र येतात आणि संदेश क्षीण होतो.

केबलवरील धातूची जाळी, म्हणजे शील्ड, सर्व कंट्रोलरांपाशी अखंड जोडत न्यावी, पण तिचे अर्थिंग एकाच टोकाला करावे. दोन्ही टोकांना केल्यास दोन अर्थिंगमधील व्होल्टेजच्या फरकामुळे शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. पॅकहाउस आणि शीतगृह या दोन वेगळ्या इमारती असल्यास हा फरक बराच मोठा असू शकतो. आरएस-४८५ चे ग्राहक उपकरण उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचाच सामाईक फरक सहन करते. अशा ठिकाणी तांब्याच्या केबलऐवजी फायबर केबल, निदान विद्युत पृथक्करण असलेला रिपीटर वापरावा. विजेचा कडकडाट झाल्यावर एकाच वेळी तीन-चार कंट्रोलर निकामी झाल्याच्या तक्रारी बहुधा अशाच दोन इमारतींमधील तांब्याच्या केबलशी निगडित असतात.

संदेशाची केबल आणि पंख्यांच्या व्हीएफडीची पॉवर केबल एकाच ट्रेमधून नेऊ नये. किमान ३० सेंटिमीटर अंतर राखावे. ओलांडणे भाग असेल तेथे काटकोनात ओलांडावे.

शीतगृहाचे स्वतःचे असे दोन शत्रू आहेत, ज्यांचा उल्लेख इमारतींच्या मार्गदर्शिकांत क्वचितच सापडतो. पहिला शत्रू म्हणजे बाष्प. केबलची नळी उबदार मार्गिकेतून पफ पॅनेल भेदून थंड खोलीत जाते. उबदार बाजूची दमट हवा त्या नळीतून आत सरकते, थंड टोकाला तिचे पाणी होते आणि ते थेट टर्मिनलवर साचते. नळी पॅनेलमधून जेथे आत शिरते तेथे तिचे तोंड सीलंटने पूर्ण बंद करणे हाच यावरचा उपाय आहे. दुसरा शत्रू अमोनिया. बटाट्याच्या बहुसंख्य मोठ्या शीतगृहांत अमोनियावर शीतकरण चालते. ओलावा असताना अमोनिया तांबे व पितळ खातो. मशीनघरातील टर्मिनलवर हिरवट-निळसर थर दिसू लागला की समजावे, संपर्क क्षीण होत चालला आहे. तेथे कल्हई केलेल्या तांब्याची केबल, बंद पेटी आणि रबरी ग्रंथी वापरल्यास आयुष्य वाढते.

पत्ता, वेग आणि भाषा

केबल एक असली तरी तिच्यावर बोलली जाणारी भाषा वेगवेगळी असू शकते. शीतगृहांत प्रामुख्याने दोन भाषा आढळतात. मॉडबस ही १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने आपल्या नियंत्रकांसाठी तयार केली. बॅकनेट ही खास इमारतींसाठी आखलेली भाषा असून अमेरिकेतील अॅशरे या संस्थेने १९९५ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध केले. मॉडबसमध्ये मॉड्यूल विचारते आणि ज्याचे नाव घेतले तोच कंट्रोलर उत्तर देतो. बॅकनेटच्या दोन तारांच्या प्रकारात बोलण्याचा हक्क टोकनच्या रूपाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. आपल्या ग्रामसभेतील ध्वनिक्षेपकासारखाच हा प्रकार आहे. हातात येईल त्याने बोलावे आणि पुढच्याकडे द्यावा.

समजा, सहा खोल्यांचे शीतगृह आहे, दोन व्हीएफडी आहेत व एक ऊर्जामापक आहे. मॉडबसमध्ये १ ते २४७ असे पत्ते देता येतात. खोल्यांना ११ ते १६, व्हीएफडींना २१ व २२ आणि ऊर्जामापकाला ३१ असे पत्ते दिल्यास पुढे शोध घेणे सोपे जाते. १ हा पत्ता मुद्दाम रिकामा ठेवावा. बहुतेक नवी उपकरणे कारखान्यातून १ हाच पत्ता घेऊन येतात. घाईत बदललेले उपकरण त्यामुळे जुन्या कोणाशी भिडत नाही.

वेग, पॅरिटी व स्टॉप बिट या तीन गोष्टी सर्व उपकरणांत तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत. मॉडबसच्या मानकात १९२०० वेग व सम पॅरिटी हे मूळ मूल्य असले तरी बाजारातील पुष्कळ उपकरणे ९६०० वेगावर व पॅरिटीविना येतात. शीतगृहासाठी ९६०० वेग पुरेसा आहे. दहा रजिस्टर मागवण्याचा प्रश्न व त्याचे उत्तर मिळून सुमारे ३३ बाइट होतात आणि ९६०० वेगाला त्यांना ४० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. उपकरणाचा विचार करण्याचा वेळ धरूनही नऊ उपकरणांची फेरी साधारण एका सेकंदात पूर्ण होते. तासातासाने बदलणाऱ्या बटाट्याच्या तापमानाला याहून अधिक घाई कशाला हवी?

या हिशेबात एक खोच आहे. एखादे उपकरण बंद असेल तर मॉड्यूल त्याच्या उत्तराची वाट पाहते. ही वाट पाहण्याची मुदत एक सेकंद आणि प्रयत्नांची संख्या तीन ठेवलेली असेल, तर त्या एका बंद उपकरणामुळे प्रत्येक फेरी तीन सेकंदांनी लांबते. तीन उपकरणे बंद असल्यास नऊ सेकंदांनी. ‘सिस्टिम फार हळू झाली आहे’ ही तक्रार आली की संगणकाकडे न पाहता प्रथम लाइनवर कोणी मुका आहे काय ते पाहावे. दुरुस्तीसाठी काढून ठेवलेले उपकरण मॉड्यूलच्या यादीतूनही तात्पुरते वगळावे.

बॅकनेटच्या दोन तारांच्या प्रकारात टोकन फिरवणाऱ्या उपकरणांचे पत्ते ० ते १२७ असतात. त्यात ‘कमाल मास्टर’ नावाचे एक मूल्य असते. ते ३० ठेवले आणि एखाद्या कंट्रोलरला ४५ हा पत्ता दिला, तर टोकन त्याच्यापर्यंत कधीच पोचत नाही. तो जिवंत असूनही कोणाला दिसत नाही. उलट ते १२७ वर सोडून दिल्यास अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांचा शोध घेण्यात वेळ वाया जातो. याशिवाय प्रत्येक उपकरणाला सर्व जाळ्यात अद्वितीय असा उपकरण क्रमांक लागतो. एका खोलीचे प्रोग्रॅमिंग दुसऱ्या खोलीत जसेच्या तसे उतरवले की हा क्रमांकही उतरतो. मग पडद्यावर कधी चार नंबरच्या खोलीचा, तर कधी पाच नंबरच्या खोलीचा आकडा एकाच नावाखाली दिसू लागतो.

आकडा येतो, पण चुकीचा

संदेश पोचू लागले म्हणजे काम संपले असे मानण्याची घाई येथे सर्वाधिक होते. मॉडबसचे एक रजिस्टर १६ बिटांचे असते आणि त्यात ० ते ६५५३५ एवढाच पूर्णांक मावतो. तापमानाचे दशांश त्यात थेट ठेवता येत नाहीत. म्हणून ४.२ अंश हा आकडा ४२ म्हणून साठवला जातो व मॉड्यूलने त्याला १० ने भागणे अपेक्षित असते. ऋण आकड्यांसाठी वेगळी पद्धत आहे. उणे ०.५ अंश म्हणजे उणे ५ आणि तो रजिस्टरमध्ये ६५५३१ या रूपात दिसतो. मॉड्यूलला ‘हा आकडा चिन्हासह वाच’ असे सांगितले नसेल, तर द्राक्षाच्या खोलीचे तापमान पडद्यावर ६५५३.१ अंश असे उमटते. हे निदान लगेच खटकते तरी! गंमत अशी की खोली ० अंशाच्या वर असेपर्यंत ही चूक दडून राहते. म्हणून चाचणी रिकाम्या, उबदार खोलीत उरकू नये. खोली ० अंशाखाली नेऊन आकडा पाहावा.

दुसरी नेहमीची चूक एका क्रमांकाची. काही उत्पादक रजिस्टरांची मोजणी ० पासून, तर काही १ पासून करतात. एका घराने सरकलेला आकडा वाचला गेल्यास तापमानाच्या जागी आर्द्रता किंवा अपेक्षित तापमान दिसते. अपेक्षित तापमान दिसणे सर्वात फसवे असते, कारण ते नेहमीच अगदी योग्य असते. अशा खोलीचा आलेख सरळ रेषेसारखा दिसतो आणि पाहणारा खूश होतो. दार उघडल्यावर, पंखे थांबल्यावर, डीफ्रॉस्ट चालू असताना खऱ्या खोलीचा आलेख थोडातरी हलतो. हलत नाही तो आलेख संशयास्पद समजावा.

एकेक करून जोडणे

सर्व कंट्रोलर जोडून एकदम वीज देण्याचा मोह टाळावा. प्रथम वीज बंद ठेवून दोन तारांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजावा. दोन्ही टोकांचे रोधक जागेवर असल्यास आकडा ६० ओहमच्या आसपास येतो. केबल लांब असेल तर तिचा रोध मिळून तो ७० पर्यंतही जाऊ शकतो. १२० किंवा त्याहून थोडा अधिक आकडा आल्यास एकच रोधक लागला आहे किंवा केबल मध्ये तुटली आहे. ४० म्हणजे तीन रोधक. शून्याजवळचा आकडा म्हणजे कोठेतरी दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या आहेत. दोन मिनिटांच्या या मोजमापाने दोन दिवसांची धावपळ वाचते.

त्यानंतर केवळ मॉड्यूल व पहिला कंट्रोलर सुरू करून संदेश स्थिर येतो का ते पाहावे आणि मग क्रमाने एकेक वाढवत जावे. एखादा उत्तर देत नसल्यास त्याच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. ‘ए’ व ‘बी’ या खुणांबाबत उत्पादकांत एकवाक्यता नाही. एकाचा ‘ए’ तो दुसऱ्याचा ‘बी’ असतो. अदलाबदलीने उपकरण जळत नाही, त्यामुळे हा प्रयोग निर्धोक आहे. विजेच्या पुरवठ्याच्या बाबतीत मात्र असे प्रयोग करू नयेत. २४ व्होल्ट एसीच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर अनेक कंट्रोलर असल्यास सर्वांची सामाईक तार एकाच टर्मिनलवर असली पाहिजे. काहींची उलट झाल्यास ट्रान्सफॉर्मरच शॉर्ट होऊ शकतो.

बिघाड शोधताना

बिघाड झाला की कार्ड बदलण्याची मागणी सर्वात आधी होते. वस्तुतः निकामी कार्डाची शक्यता सैल टर्मिनल, ओलावा, चुकीचा पत्ता व वीजपुरवठा यांच्या मागेच धरावी. शिवाय नवे कार्ड स्वतःचा मूळ पत्ता आणि वेग घेऊन येते व जुन्या बिघाडात नव्या बिघाडाची भर पडते. त्याचप्रमाणे सर्व बंद करून पुन्हा चालू करण्याची घाई करू नये. त्याने यंत्रणा कदाचित चालू होईल, पण त्रुटींची मोजणी व दिव्यांची स्थिती हे पुरावे पुसले जातात. प्रथम ते टिपून घ्यावेत, शक्य तर मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

मग पाहावे, किती खोल्या गप्प आहेत? एकच असेल तर तिची वीज, तिचे टर्मिनल, तिचा पत्ता. माळेतील एका ठिकाणापासून पुढच्या सर्व असतील तर शेवटची बोलणारी व पहिली गप्प खोली यांमधील केबल. सर्वच असतील तर मॉड्यूलचा पोर्ट किंवा लाइनवरील शॉर्ट. शॉर्टची जागा शोधण्यासाठी माळ मध्यावर तोडावी, त्या टोकाला तात्पुरता रोधक लावावा आणि जवळचा अर्धा भाग बोलतो का ते पाहावे. दोष ज्या अर्ध्यात असेल तो पुन्हा अर्धा करावा. आठ कंट्रोलरांच्या माळेत अशा तीन फेऱ्यांत दोषाची जागा हाती येते.

मॉड्यूलवरील दोन छोटे दिवेही बरेच सांगतात. पाठवण्याचा दिवा लुकलुकतो व घेण्याचा अंधारात आहे, तर प्रश्न जात आहेत पण उत्तर येत नाही. तारांची दिशा, वेग व पत्ता तपासावा. दोन्ही लुकलुकतात तरीही त्रुटी येत असतील तर दोन उपकरणांना एकच पत्ता, किंवा गोंगाट.

सर्वात त्रासदायक असतो तो अधूनमधून येणारा बिघाड. तंत्रज्ञ आला की तो नाहीसा होतो. अशा वेळी वहीतील नोंद उपकरणांपेक्षा उपयोगी ठरते. बिघाडाची वेळ लिहावी व त्या वेळी काय चालू झाले होते तेही लिहावे. पंख्याची व्हीएफडी वेग घेताना होत असेल तर केबलचा मार्ग व शील्ड पाहावे. डीफ्रॉस्टनंतर होत असेल तर टर्मिनलवर पाणी येते आहे. वीज जाऊन जनरेटर लागल्यावर होत असेल तर मॉड्यूलला छोटा यूपीएस द्यावा आणि कॉम्प्रेसर एकदम नव्हे, तर क्रमाने काही मिनिटांच्या अंतराने सुरू होतील अशी योजना करावी. वीज गेल्यावर मॉड्यूलचे घड्याळ मागे पडते का, हेही पाहावे. आतील नाण्याएवढी बॅटरी संपली असल्यास डीफ्रॉस्ट भर दुपारी, दार उघडे असतानाच सुरू होते.

सफरचंदाच्या नियंत्रित वातावरणाच्या खोलीत सेन्सर तपासण्यासाठी कोणीही तसेच शिरू नये. तेथील प्राणवायू काही टक्क्यांपर्यंत उतरवलेला असतो. एक-दोन श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला ओढायला धावलेलाही पडतो. खोलीत ताजी हवा भरून, प्राणवायू मोजून, दाराबाहेर दुसरी व्यक्ती उभी असल्याशिवाय आत जाण्याचा प्रश्नच येत नाही.

गोठलेला आकडा

केबल तुटल्यावर पडदा कोरा होईल अशी सर्वसाधारण समजूत असते. अनेक यंत्रणांत तसे होत नाही. शेवटचा मिळालेला आकडा तसाच दिसत राहतो. रात्री ११ वाजता लाइन तुटली, तर सकाळी ६ वाजताही पडद्यावर रात्रीचेच ३.१ अंश दिसतात. राखणदार वहीत ‘३.१’ लिहून मोकळा होतो. म्हणून मॉड्यूलमध्ये प्रत्येक आकड्यासाठी शिळेपणाची मर्यादा निश्चित करून घ्यावी. पाच मिनिटांत नवा आकडा न आल्यास रंग बदलावा व भोंगा वाजावा. तापमान मर्यादेबाहेर गेल्याचा इशारा आणि संपर्क तुटल्याचा इशारा हे वेगवेगळे असावेत. त्यांतील दुसरा किरकोळ समजून बंद करण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते, ती घातक आहे. भोंगा मॉड्यूलवर अवलंबून न ठेवता खोलीच्या कंट्रोलरच्या रिलेवरही एक असावा. प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर स्वतंत्र डिजिटल तापमापी हवी, आणि राखणदाराची नोंद पडद्यावरून नव्हे तर त्या तापमापीवरून व्हावी.

इंटरनेट आणि परवल

मोबाइलवर तापमान पाहता यावे ही मागणी रास्त आहे. परंतु मॉडबस व पारंपरिक बॅकनेट या दोन्ही भाषांत परवलीच्या शब्दाची सोयच नाही. जाळ्यात शिरलेला कोणीही अपेक्षित तापमान बदलू शकतो. त्यामुळे बॅकनेटचा ४७८०८ क्रमांकाचा पोर्ट किंवा मॉडबसचा ५०२ क्रमांकाचा पोर्ट राउटरमधून इंटरनेटला उघडा करू नये. बाहेरून यायचे तर व्हीपीएनमधून. शेतकऱ्यांना केवळ पाहण्याची मुभा द्यावी. मॉड्यूलचा कारखान्यातला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. मॉड्यूलला स्थिर आयपी पत्ता द्यावा व तो राउटर स्वतः वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा असावा. अन्यथा एखाद्या दिवशी कार्यालयातील प्रिंटर तोच पत्ता घेऊन बसतो.

ताबा घेताना

राष्ट्रीय बागवानी मंडळाने २०१० मध्ये शीतगृहांसाठी तांत्रिक मानके प्रसिद्ध केली. अनुदानाच्या प्रकल्पात इन्सुलेशन व कॉम्प्रेसर यांची तपासणी काटेकोर होते, पण नियंत्रण प्रणालीचा ताबा बहुधा एका सहीवर घेतला जातो. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी उत्पादक कंपन्यांना येथेच साह्य करावे. पुरवठादाराकडून पत्त्यांची यादी, प्रत्येक उपकरणाचा रजिस्टर नकाशा, केबलचा प्रत्यक्ष मार्ग दाखवणारे रेखाचित्र, सर्व पासवर्ड आणि मॉड्यूलच्या प्रोग्रॅमिंगची प्रत घेतल्याशिवाय अंतिम बिल देऊ नये. प्रोग्रॅमिंगची प्रत पेनड्राइव्हवर, तारीख घालून, पॅनेलच्या बाहेर ठेवावी आणि प्रत्येक बदलानंतर नवी घ्यावी. काही जुन्या मॉड्यूलांत प्रोग्रॅमिंग बॅटरीच्या आधारावरच टिकते. बॅटरी संपलेली असताना वीज दीर्घकाळ गेली की ते पुसले जाते.

शेवटची चाचणी माल भरण्यापूर्वी करावी. सर्व खोल्या अपेक्षित तापमानाला आल्यावर मॉड्यूलची केबल काढून टाकावी व चोवीस तास तशीच ठेवावी. संपर्क तुटल्याचा भोंगा पाच मिनिटांत वाजला का, आकड्यांचा रंग बदलला का, आणि दाराबाहेरच्या तापमापीवर प्रत्येक खोली दिवसभर आपल्या मर्यादेत राहिली का, एवढे पाहावे. दुसऱ्या दिवशी केबल परत जोडल्यावर मॉड्यूलने कोणतीही खोली स्वतःहून बंद किंवा चालू करता कामा नये. ही चाचणी पुरवठादाराचा तंत्रज्ञ हजर असताना घ्यावी आणि तिची नोंद दोघांच्या सह्यांसह ताबापत्राला जोडावी.